‘सून’ म्हणजे नक्की केव्हा?

शीर्षक वाचून घरोघरच्या सुनांनी दचकू नये. हा लेख सासू-सुनांविषयी नाही. इंग्रजी भाषेत ‘सून’ नावाचे एक छोटेसे क्रियाविशेषण आहे, त्याच्याविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत. दुकानाच्या बंद शटरवर ‘कमिंग सून’ अशी पाटी आपण पाहतो. आजाऱ्याला पाठवायच्या कार्डावर ‘गेट वेल सून’ छापलेले असते. आखातातला किंवा कॅनडातला मुलगा फोन ठेवताना ‘सी यू सून’ म्हणतो आणि इकडे आईच्या डोळ्यांत पाणी येते. शाळेत नुकतेच जाऊ लागलेले पोरही अर्थ सांगेल : सून म्हणजे लवकर, लवकरच. मग एवढ्या सोप्या शब्दावर रविवारच्या पत्रकातली जागा का अडवावी?

कारण असे की, या शब्दाचा अर्थ मुळात ‘लवकरच’ असा नव्हताच. तो होता ‘तत्काळ’, ‘त्याच क्षणी’. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘सोना’ असा होता. दहाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये चारही शुभवर्तमानांचे लॅटिनमधून लोकभाषेत भाषांतर झाले. त्यात संत मार्कच्या पहिल्याच अध्यायात प्रभू येशू एका कुष्ठरोग्याला स्पर्श करतो आणि त्याचे कोड त्याच क्षणी नाहीसे होते. या ‘त्याच क्षणी’साठी भाषांतरकाराने घातलेला शब्द म्हणजे हा ‘सोना’. आजचा इंग्रज तो शब्द आजच्या अर्थाने वाचील, तर त्याला वाटेल की कोड हळूहळू, पुढच्या आठवड्यापर्यंत वगैरे गेले असावे! संत मार्कला तर घाई फार. ‘तत्काळ’ या अर्थाचा ग्रीक शब्द त्याच्या छोट्याशा शुभवर्तमानात चाळीसएक वेळा येतो. त्याचा येशू एका गावातून दुसऱ्या गावात, एका आजाऱ्याकडून दुसऱ्या आजाऱ्याकडे सतत निघालेला असतो. त्या घाईला शोभेल असा शब्द म्हणून ‘सोना’ निवडला गेला होता.

मग हा अर्थ सरकला कसा? कोणी पंडितांनी बैठक घेऊन तो बदलला नाही. बदलला तो तुमच्या-आमच्यासारख्या माणसांनी, आणि तोही अगदी नकळत. कोणी हाक मारली, दुसऱ्याने ‘सोना’ म्हटले, म्हणजे हा आलोच, आणि हातातले काम संपवून, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलून मग तो आला. हाक मारणाऱ्याने मनात नोंद केली की ‘सोना’ म्हणजे थोड्या वेळाने. असे पिढ्यान्‌पिढ्या झाले. भाषा मोठी प्रामाणिक असते. आपण शब्दाला जो अर्थ आहे असे म्हणतो तो ती लिहून ठेवत नाही, आपण प्रत्यक्षात जे करतो ते लिहून ठेवते.

हे एका शब्दाचे दुर्दैव असते तर सोडून देता आले असते. पण ‘सोना’ झिजल्यावर ‘तत्काळ’साठी इंग्रजांना दुसरा शब्द लागला, आणि तोही त्याच वाटेने गेला. जुना ‘अनॉन’ हा शब्द ‘एकात’, म्हणजे एका दमात, अशा अर्थाच्या दोन शब्दांपासून बनला. त्याचाही अर्थ पुढे ‘थोड्या वेळाने’ असा झाला. मग ‘प्रेझेंटली’ आला. 1611 साली राजा जेम्सच्या आज्ञेने इंग्लंडमध्ये झालेले बायबलचे भाषांतर (ते आपल्या कॅथलिक परंपरेतले नव्हे, पण इंग्रजी भाषेवर त्याचा ठसा फार मोठा) उघडले, तर येशूने शाप दिलेले अंजिराचे झाड ‘प्रेझेंटली’ वाळले असे तेथे लिहिलेले आढळते. म्हणजे लगेच, डोळ्यांदेखत. आज लंडनचा माणूस ‘प्रेझेंटली’ म्हणतो तेव्हा ‘जरा वेळाने’ असे त्याला म्हणायचे असते, आणि आपल्याकडच्या अर्जांत ‘प्रेझेंटली रिसायडिंग अ‍ॅट’ लिहितात तेव्हा ‘सध्या’ असे.

त्याच भाषांतरातले आणखी एक उदाहरण अंगावर काटा आणणारे आहे. हेरोदियेची मुलगी नाचते, राजा खूश होऊन हवे ते माग म्हणतो, ती आईला विचारून येते आणि योहान बाप्तिस्ताचे शिर तबकात मागते. केव्हा? ‘बाय अँड बाय’. तेव्हा त्याचा अर्थ होता आत्ताच्या आत्ता, राजाचे मन बदलायच्या आत. आज तेच वाक्य वाचणाऱ्या इंग्रजाला वाटेल की मुलगी समजूतदार होती, तिने सवडीने द्या म्हटले!

शेक्सपियरने हा प्रकार फार पूर्वी हेरला होता. ‘चौथा हेन्री’ या त्याच्या नाटकाच्या पहिल्या भागात लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. करारावर बांधलेला, अजून पाच वर्षे सुटका नसलेला. राजपुत्र हॅल आणि त्याचा मित्र त्याची गंमत करायचे ठरवतात. राजपुत्र त्याला एका खोलीत बोलत ठेवतो, मित्र दुसऱ्या खोलीतून त्याच्या नावाने हाका मारत राहतो. बिचारा पोऱ्या एका गिऱ्हाइकाला सोडू शकत नाही, दुसऱ्याला नाही म्हणू शकत नाही. तो फक्त ‘अनॉन, अनॉन’ ओरडत राहतो आणि शेवटी दोघे एकदम हाका मारू लागल्यावर कोणाकडे जावे हे न कळून मधल्यामध्ये खिळून उभा राहतो. प्रेक्षक हसतात. आम्हाला मात्र त्या पोऱ्याला हसवत नाही. त्याचे ‘अनॉन’ हे खोटे म्हणावे का? त्याला ‘आता जमणार नाही’ म्हणायची मुभाच नव्हती. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या तोंडी ‘आलो’ शिवाय दुसरे काय येणार? हा फ्रान्सिस ध्यानात असू द्यावा, त्याची गरज पुढे लागणार आहे.

हा दोष केवळ इंग्रजांचा आहे असे समजून आपण खूश व्हायचे कारण नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजीत ‘जस्ट नाऊ’ म्हणजे ‘नंतर केव्हातरी’. मेक्सिकोतले लोक ‘आत्ता’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दाला लाडाचा प्रत्यय लावून ‘आओरिता’ म्हणतात आणि मग तास गेला तरी चालतो. आणि आपण मराठी माणसे? आपण तर सगळ्यांवर कडी केली आहे. इतर लोक भविष्यकाळात थापा मारतात, आपण भूतकाळात मारतो. ‘आलोच.’ ‘हा निघालोच.’ ‘झालेच म्हणून समजा.’ जे अजून सुरूही झालेले नाही, ते होऊन गेले असे आपले व्याकरणच सांगते. मोबाईल आल्यापासून तर ‘पोहोचतोच आहे’ म्हणणारा बहुधा आंघोळीच्या पाण्याची वाट पाहत असतो. नाताळच्या आधी शिंप्याच्या दुकानात जाऊन पाहावे. ‘उद्या घेऊन जा’ हे वाक्य तेथे इतक्या वेळा ऐकू येते की त्या ‘उद्या’ला तारीख असते हेच आपण विसरून जातो. (शिंप्यांनी राग मानू नये. नोव्हेंबरात कापड घेऊन न जाणारे आम्हीच असतो.)

येथपर्यंत सारे गमतीचे आहे. आता प्रश्न असा की ही केवळ गंमत आहे, की यात पापपुण्याचाही काही भाग आहे?

पुष्कळ जण म्हणतील, यात खोटे काय? ‘आलोच’ म्हणजे ‘थोड्या वेळाने येतो’ हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. पत्राच्या शेवटी आपण ‘आपला नम्र’ लिहितो, म्हणून कोणी आपली नम्रता तपासायला येत नाही. तसेच हे. सगळ्यांना अर्थ कळलेला असेल, तर फसवणूक कोणाची झाली?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ईशज्ञानाच्या महाग्रंथात या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जो मनापासून करायचे ठरवून वचन देतो तो ते देताना खोटे बोलत नाही, कारण त्याच्या मनात एक आणि ओठांत दुसरे असे नसते. पण पुढे त्याने ते केले नाही, तर तो निष्ठेत कमी पडतो. खोटेपणा हा एक दोष आणि बेइमानी हा दुसरा. त्यालाही दोन सवलती ते देतात. वचन दिलेली गोष्टच उघडउघड वाईट असेल, किंवा परिस्थिती बदलली असेल, तर दोष नाही. उदाहरण म्हणून ते संत पौलाचे नाव घेतात. पौलाने करिंथला येतो म्हटले होते आणि तो गेला नाही. करिंथकरांनी त्याला याबद्दल चांगलेच धारेवर धरले असावे, कारण त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच त्याला आपली बाजू मांडावी लागते आणि आपले ‘होय’ हे एकाच वेळी ‘होय’ आणि ‘नाही’ नव्हते हे पटवून द्यावे लागते. आम्हाला यातले विशेष वाटते ते असे की, पौल ‘असे होतेच, समजून घ्या’ म्हणत नाही. प्रवासाच्या बेतातला बदल हा त्याला हिशेब देण्याजोगा वाटतो.

तर मग आपल्या ‘आलोच’चे काय? अक्वायनस यांची फूटपट्टी लावली, तर पहिला प्रश्न हाच की, ते म्हणताना आपला निघायचा विचार तरी असतो का. कित्येकदा नसतो. कित्येकदा काहीच विचार नसतो, समोरच्याचे तोंड बंद व्हावे एवढीच इच्छा असते. येथेच ‘सगळ्यांना अर्थ कळतो’ ही सबब डळमळू लागते. सगळ्यांना खरोखरच कळत असते, तर समोरचा गप्प बसला नसता. तो गप्प बसतो, कारण त्या शब्दावर त्याचा अजून थोडासा विश्वास शिल्लक असतो. खोटे नाणे चालते ते बाजारात खरी नाणी असतात म्हणून.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने 1785 साली असाच एक प्रश्न विचारला होता. परत करायचे नाहीत हे ठाऊक असून कोणी ‘परत करीन’ म्हणून पैसे मागितले तर? कांट म्हणतो, सगळेच तसे करू लागले अशी कल्पना करून पाहा. मग वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाही, आणि वचन देऊन पैसे मिळवणेही अशक्य होईल. कांटने हे कल्पनेत पाहिले. ‘सून’चा इतिहास पाहिला, तर इंग्लंडात ते खरोखर घडलेले दिसते. सगळ्यांनी तसे केले आणि ‘तत्काळ’ सांगणारा एक चांगला शब्द हातातून गेला. भाषेचे त्यामुळे फार बिघडले असे नाही. तिने दुसरा शब्द काढला, तो झिजल्यावर तिसरा. आज इंग्रजीत ‘इमीजिएटली’ आहे, मराठीत ‘ताबडतोब’ आहे. (जाता जाता एक निरीक्षण : ‘ताबडतोब’ अजून बराच टिकून आहे. तो शब्द आपण स्वतःसाठी फारसा वापरत नाही, दुसऱ्याला हुकूम सोडताना वापरतो, म्हणून तर तो टिकला नसेल?) भाषा सावरते. पण ज्याने त्या जुन्या शब्दावर विसंबून वाट पाहिली, त्याचे काय होते याची नोंद शब्दकोशात नसते.

कारण सगळ्यांचे घड्याळ सारखे नसते. घड्याळ न कळणाऱ्या पोराला बाप ‘लवकर येतो’ म्हणून जातो, ते पोर दाराशी बसते. खाटेवर पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘एक दिवस येतो भेटायला’ म्हटले की त्याचा तो एक दिवस त्याच संध्याकाळी सुरू होतो. ज्याच्यापाशी दुसरे काही करण्यासारखे उरलेले नाही, त्याच्यासाठी आपले ‘लवकरच’ हे पूर्ण वेळेचे काम होऊन बसते. आणि ज्याच्या घरी संध्याकाळची चूल आजच्या मजुरीवर पेटायची आहे, त्याला ‘देतो रे, पळून जातोय का मी’ असे हसत हसत सांगितले, तर ते हसणे फक्त सांगणाऱ्याचे असते.

जुन्या करारात या बाबतीत मुळीच ढिलाई नाही. मोलकऱ्याची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा आपल्याजवळ ठेवू नये असे लेवीय सांगते, आणि सूर्य मावळण्यापूर्वी ती त्याच्या हातात पडावी असे अनुवादात सांगितले आहे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात तर थेट आपलेच वाक्य पकडले आहे. देण्याजोगे जवळ असताना शेजाऱ्याला ‘जा, उद्या ये, मग देईन’ असे सांगू नये. तेथे अट लक्षात घ्यावी : जवळ असताना. नसेल तर नाही म्हणण्यात कमीपणा नाही. पण आहे आणि तरी ‘उद्या’, हे त्या जुन्या शहाण्यांना खपत नव्हते.

येथे गुत्त्यातल्या फ्रान्सिसची आठवण काढावी. एक ‘आलो’ दुबळ्याचे असते. मालकासमोर, साहेबासमोर, दोन गिऱ्हाइकांच्या मधे सापडलेल्याचे. ते आम्ही क्षम्य समजतो. उलट ज्याने त्याला नाही म्हणायची मुभा ठेवली नाही, त्याच्याकडेच बोट दाखवायला हवे. घरातल्या बाईने एकाच वेळी सासऱ्यांचा चहा, मुलाचा डबा आणि नवऱ्याचा शर्ट यांना ‘आलेच’ म्हटले, तर तिच्याशी सत्यवचनाच्या गोष्टी कोणी बोलू नयेत. दुसरे ‘लवकरच’ बळकटाचे असते. वाट पाहायला लावण्याची ताकद ज्याच्या हातात आहे त्याचे. त्याला काही गमवायचे नसते, थांबणारा कोठे जाणार नाही हे त्याला पक्के ठाऊक असते.

या दुसऱ्या ‘लवकरच’चे एक मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. तेथे दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. 1951 साली व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्यात काळ्या मुलांच्या शाळेतल्या विद्यार्थ्यांनी, बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीच्या पुढाकाराने, गळक्या आणि अपुऱ्या वर्गांविरुद्ध संप केला. त्यातून उभा राहिलेला खटला इतर चार खटल्यांबरोबर वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. 1954 साली न्यायालयाने एकमताने सांगितले की अशा वेगळ्या शाळा घटनेला धरून नाहीत. केवढा आनंद झाला असेल! पण हे केव्हापर्यंत अमलात यावे, याचा निकाल पुढच्या वर्षी, 1955 साली आला. त्यात तारीख नव्हती. होता तो क्रियाविशेषणासारखा वापरलेला एक शब्दसमूह, ज्याचा अर्थ साधारण ‘सर्व विचारपूर्वक त्वरेने’ असा होईल. ज्यांना करायचे नव्हते त्यांनी त्यातला ‘विचारपूर्वक’ तेवढा उचलला आणि ‘त्वरेने’ सोडून दिला. त्याच प्रिन्स एडवर्ड परगण्यात, 1959 साली आता आणखी टाळता येणार नाही असे दिसल्यावर, अधिकाऱ्यांनी सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांपैकी बहुतेकांना 1963 पर्यंत, चार वर्षे, तेथे शाळाच नव्हती. 1959 साली पहिलीत बसायला निघालेले मूल शाळा उघडली तेव्हा दहा वर्षांचे झाले होते. 1964 च्या निकालात न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांना लिहावे लागले की त्या ‘विचारपूर्वक त्वरे’ची वेळ आता संपली आहे. न्यायालयाचे शब्द खोटे नव्हते. हेतूही, आमच्या मते, वाईट नव्हता. सर्वांना सांभाळून घ्यावे असेच न्यायाधीशांना वाटले असणार. पण सांभाळून कोणाला घेतले आणि वाट कोणी पाहिली?

आपण ख्रिस्ती लोकही या आरोपातून सुटत नाही. मघाचा ‘बाय अँड बाय’ आठवतो ना? हेरोदियेच्या मुलीच्या तोंडी ‘आत्ताच्या आत्ता’ असलेला तो शब्द घसरत घसरत 1868 सालच्या एका लोकप्रिय अमेरिकन भक्तिगीतात थेट स्वर्गापर्यंत जाऊन पोहोचला. तेथे त्याचा अर्थ होता ‘पुढे, मरणानंतरच्या त्या गोड काळात’. अंत्यविधीच्या वेळी ते गीत गाऊन पुष्कळांना सांत्वन मिळाले असेल, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण 1911 साली जो हिल नावाच्या कामगार चळवळीतल्या कवीने त्याच चालीवर एक बोचरे गाणे रचले. उपाशी माणूस भाकरी मागतो आणि धर्मोपदेशक त्याला मेल्यावर आकाशात गोडधोड मिळेल म्हणून सांगतात, असा त्याचा आशय. अशी टीका ऐकून चिडण्यापेक्षा हे विचारणे बरे की, ती करायला त्याला जागा कोणी दिली. पोप लिओ तेरावे यांनी त्याच्या वीस वर्षे आधी, 1891 साली, कामगारांविषयीच्या आपल्या परिपत्रकात मजुरी बुडवणे हे स्वर्गाकडे दाद मागणारे पाप आहे असे स्पष्ट म्हटले होते. म्हणजे ख्रिस्तसभेपाशी उत्तर होते. ते भाकरी मागणाऱ्याच्या दारापर्यंत किती वेळात पोहोचले, हा वेगळा प्रश्न.

दुसऱ्याला थांबवणारे ‘लवकरच’ हे असे. पण एक ‘लवकरच’ आपण परमेश्वरालाही सांगतो, आणि त्याविषयी संत ऑगस्टीन यांच्याइतके खरे कोणी लिहिलेले नाही. आपल्या आत्मनिवेदनाच्या आठव्या भागात ते सांगतात की, देव बोलावत होता, ते बोलावणे खरे आहे हे पटलेलेही होते, आणि तरी त्यांच्याजवळ झोपाळू माणसाचे उत्तर होते : आत्ता उठतो, थोडे राहू द्या. ‘आत्ता’साठी लॅटिन शब्द आहे ‘मोदो’, आणि ‘मोदुस’ म्हणजे मर्यादा. ऑगस्टीन शब्दावर कोटी करतात की माझ्या त्या ‘मोदो’ला ‘मोदुस’ नव्हता, आत्ता-आत्ताला अंत नव्हता. शुद्ध जीवन दे, पण एवढ्यात नको, अशी तरुणपणी केलेली प्रार्थनाही त्यांनी लपवलेली नाही. शेवटी 387 सालच्या पास्काच्या रात्री मिलान शहरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे बिशप झाल्यावर प्रवचनांत ते कावळ्याचा दाखला देत. लॅटिनमध्ये ‘उद्या’ला ‘क्रास’ म्हणतात, आणि कावळाजातीच्या पक्ष्याचे ओरडणे तसेच ऐकू येते. पश्चात्ताप उद्यावर ढकलणारा माणूस कावळ्याच्या आवाजात बोलतो, असे ते म्हणत. याच कल्पनेवरून पुढे संत एक्स्पेदितुस यांच्या मूर्तीत ‘क्रास’ म्हणणारा कावळा पायाखाली आणि ‘आज’ असे लिहिलेला क्रूस हातात दाखवू लागले. त्या संताविषयी इतिहासाला फारसे ठाऊक नाही, पण मूर्ती घडवणाऱ्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता. आपल्या अंगणातला कावळा लॅटिन बोलत नाही. तो पाहुणे येणार म्हणून सांगतो, आणि तेही केव्हा ते सांगत नाही!

एक अवघड गोष्ट अजून राहिली, आणि ती टाळून हा लेख संपवणे बरे नाही. बायबलच्या अगदी शेवटच्या पानावर प्रभू स्वतःच ‘मी लवकर येत आहे’ असे सांगतो. पहिल्या पिढीने ते शब्दशः घेतले. थेस्सलनीका येथे काही जणांनी कामधंदा सोडून दिला, त्यांना पौलाला दटावावे लागले. वर्षे गेली, प्रेषित एकेक करून मेले, आणि लोक विचारू लागले की येणार होता त्याचे काय झाले. आज दोन हजार वर्षे होत आली. मग हे ‘लवकर’ आमच्या ‘लवकर’सारखेच का? पेत्राच्या दुसऱ्या पत्रात उत्तर दिलेले आहे की प्रभूचा दिवस आपल्या मोजमापाने मोजू नये, आणि तो थांबला आहे तो कोणाचाही नाश होऊ नये म्हणून. हे उत्तर आम्ही मानतो. आपण उशीर करतो तो स्वतःच्या सोयीसाठी, तो थांबतो तो आपल्यासाठी, हा फरक लहान नाही. पण ज्यांचे मूल आजारी आहे, ज्यांच्या प्रार्थनेला उत्तर आलेले नाही, त्यांना हा फरक समजावून सांगताना आवाज खाली असावा.

शुभवर्तमानातच त्याचे एक चित्र आहे. लाझरस आजारी असल्याचा निरोप बेथानीहून आला, आणि येशू जेथे होता तेथेच आणखी दोन दिवस राहिला. ‘निघालोच’ असा निरोप त्याने पाठवल्याचे योहानाने लिहिलेले नाही. तो पोहोचला तेव्हा लाझरसला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था घरात बसून राहिली नाही. ती गावाबाहेर त्याला सामोरी गेली आणि आधी हेच म्हणाली की, तू येथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरिया आली आणि तिनेही तेच म्हटले. येशूने दोघींपैकी एकीलाही गप्प केले नाही. वाट का पाहायला लावली याचे स्पष्टीकरणही दिले नाही. त्याला कोठे ठेवले आहे एवढे त्याने विचारले, आणि तो रडला.